जिवंत बाहुल्यांच्या सुमनअक्का

पहिल्या भेटीत सुमनअक्कांनी माझं नाव विचारलं नाही. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं, मान जरा तिरकी केली आणि म्हणाल्या, "तिसरी पायरी. डावीकडं."

मी त्या दिवशी शाळेत नवी होते. मला वाटलं, माझं कपाट कुठे आहे ते सांगतायत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी जाऊन मी डावीकडे बघूनही आले. तिथे कुंडी होती.

महिनाभरानं उलगडा झाला. कानडी मुलखातल्या आमच्या या शहरात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. त्यांना गोंबे म्हणतात. भिंतीला लावून पायऱ्या करायच्या, तीन, पाच किंवा सात, पण विषमच. त्यावर पांढरं कापड घालायचं आणि बाहुल्या बसवायच्या. सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी. ही जोडी मुलीच्या लग्नात माहेराहून येते आणि जन्मभर तिच्याबरोबर राहते. मग देव, मग मिरवणूक, वाजंत्री, शाळा, शेत, आणि तळाशी वाणसामानाचं दुकान मांडून बसलेला गोल पोटाचा सेट्टी आणि त्याची सेट्टीण. सुमनअक्का जगातल्या प्रत्येक माणसाकडे या पायऱ्यांच्या हिशेबानं बघतात. माणूस भेटला की त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो: हा कुठं बसेल?

"आणि तिसऱ्या पायरीवर डावीकडं कोण असतं?" मी विचारलं.

"पोलीस."

मी गणित शिकवते. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

आमच्या प्रिन्सिपल मॅडमना अक्कांनी दुसरी पायरी दिली होती. "कागदाच्या लगद्याची," त्या मला डबा खाताना सांगत होत्या. "वरनं सरस्वती, आतनं पोकळ. खरं हलकी असतेय गं, कुठं पण उचलून ठेवता येतंय." अक्कांच्या बोलण्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. त्या निपाणीकडच्या. मराठी आणि कानडी या दोन वेगळ्या भाषा आहेत, हे त्यांना शाळेत गेल्यावर कळलं, असं त्या स्वतःच सांगतात. एकदा माझे यजमान मला न्यायला आले होते. अक्कांनी त्यांना गेटपाशी नीट न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्यांना पेटीतच ठेव. दरवर्षी काढायची बाहुली नव्हे ती." मी हे घरी सांगितलं. यजमान म्हणाले, "बाई शहाणी आहे," आणि पुन्हा पेपरात शिरले.

आमची शाळा जे. पी. नगरमध्ये. मी पहिली ‘अ’ची वर्गशिक्षिका, अक्का पहिली ‘ब’च्या. शाळेचा नियम असा, की मुलांनी बाईंना ‘मॅम’ म्हणावं. अक्कांच्या वर्गानं तोड काढून त्यांना ‘अक्का मॅम’ केलं होतं. बुटक्या, सुती साडी, केसांत कायम अबोलीच्या गजऱ्याचा एक तुकडा, आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी की आधी पिशवी वर्गात यायची आणि मग अक्का. पिशवीत चिंध्या, सुतळ्या, रिकाम्या डब्यांची झाकणं, एका चपलेचा पट्टा. "लागतंय गं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

मुलांच्या प्रगतिपुस्तकात आम्ही बाकीच्या बायका ‘प्रयत्न वाढवावेत’, ‘एकाग्रता हवी’ असं काहीबाही लिहायचो. अक्का तोंडी सांगायच्या. एखादी आई काळजीनं विचारायला आली, की अक्का तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "माती चांगली आहे. रंग काय, कधी पण देता येतोय." आई निम्मी खूश आणि निम्मी गोंधळलेली घरी जायची. मला विचाराल तर त्यात प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त माहिती असायची.

या अक्का मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. जुलैमध्येच त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे शेवटचं वर्ष. दसऱ्याच्या सुट्टीच्या आधी जो कार्यक्रम असतोय पहिलीचा, तो औंदा मी करणार. तू फक्त हो म्हण."

"काय करणार?"

"गोंबे. जिवंत. दोन्ही वर्गांतली सगळी पोरं पायऱ्यांवर."

पहिलीतली सगळी मुलं, पायऱ्यांवर, न हलता. मी एकदा वर्गाकडे बघितलं. माझ्या वर्गात त्या क्षणी एक मुलगा बाकावर उलटा लटकत होता आणि दोघी एकमेकींच्या रिबिनी चावत होत्या.

"अक्का, ही हलतील."

"बाहुली हलत नाही. बघणारा हलतोय."

मी हो म्हटलं.

पायऱ्यांचा प्रश्न पहिला. शाळेकडे चार लांब बाकं होती, एकावर एक चढतील अशी. मॅडम म्हणाल्या, झालं की काम. अक्का म्हणाल्या, चार चालत नाहीत. मॅडम म्हणाल्या, कुणाला कळणार आहे? अक्का म्हणाल्या, "सरी मॅडम." अक्कांची ‘सरी’ दोन प्रकारची असते. एक ‘बरं’ या अर्थाची. दुसरी ‘तुम्ही बोला, मी करते ते करते’ या अर्थाची. ही दुसरी होती. त्यांचा एक भाचा होसकोट्याच्या कारखान्यात आहे. पुढच्या शनिवारी टेम्पो भरून लाकडी खोकी आली, यंत्रं पाठवायची. सुतारानं त्यांच्या भरभक्कम पाच पायऱ्या ठोकून दिल्या. फक्त खालच्या पायरीच्या दर्शनी फळीवर लाल अक्षरांत ‘नाजूक माल, उलटा करू नये’ असं इंग्रजीत छापलेलं होतं आणि ते घासून जाईना.

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "खरंच आहे ते."

दुसरा प्रश्न पालकांचा. कोण कुठे बसणार याचा कागद अक्कांनी वर्गाबाहेर लावला, आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी काही रणधुमाळी झाली, की मी फोन भाजीच्या पिशवीत टाकून वर कोथिंबीर ठेवली. सगळ्यांना वरची पायरी हवी होती. एका वडिलांनी लिहिलं, आमचा मुलगा उंच आहे. दुसऱ्यांनी लिहिलं, आमचा बुटका आहे, म्हणूनच त्याला वर ठेवा. हत्ती दोन मुलांचा मिळून होता. त्याच्या मागच्या पायांच्या आईनं विचारलं, पुढचे आणि मागचे पाय मध्यंतरात बदलता येतील का.

सगळ्यात जास्त दुखावल्या त्या अद्वयच्या आई. हे कुटुंब नागपूरचं, गेल्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून आमच्या भागात आलेलं. आईबाबा दोघंही आयटीत. अद्वय हा गोल गालांचा, संथ, विचार करून बोलणारा मुलगा. अक्कांनी त्याला सेट्टी केला होता. पोटाला उशी, डोक्याला टक्कल, पुढ्यात डाळींच्या वाट्या.

अद्वयच्या आई शाळा सुटताना आल्या. ऑफिसचा बिल्ला गळ्यातच होता. "मॅम, मराठीतच बोलते हं, तुम्हालाही बरं. ॲक्च्युअली अद्वय खूप एक्स्प्रेसिव्ह आहे. आणि तुम्ही त्याला टकला दुकानदार केलाय. तेही लोएस्ट स्टेपवर. त्याच्या कॉन्फिडन्सचं काय होईल?"

"बसा की," अक्का म्हणाल्या.

"नाही, मला कॉल आहे. आणि पोट लावणं वगैरे, इट्स नॉट राइट. तो ऑलरेडी सेन्सिटिव्ह आहे त्याबद्दल."

"कोण, अद्वय? त्यानं उशी स्वतःहून आणलीय. मी चिंधी देत होते, म्हणाला, लहान पडेल."

आईंनी गळ्यातला बिल्ला सारखा केला. मग म्हणाल्या, "पण राजा का नाही?"

"राजा कुणाला पण करता येतोय. मुकुट घातला की झाला राजा. सेट्टी जमायला माणूस लागतोय. आणि एक सांगू? पायऱ्यांवर सगळे उभे असतात. देव उभे, शिपाई उभे, राजा-राणी तर बिचारे पहिल्यापासनं उभे. एकटा सेट्टी तेवढा मांडी घालून बसलेला असतोय. तुमचा मुलगा दुपारी दमतो. प्रार्थनेला उभा राहिला की एक पाय दुसऱ्यावर घासतो. घरी बघा."

अद्वयच्या आई कॉल न घेताच बाकावर बसल्या. "त्याला फ्लॅट फीट आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मला पण नका सांगू," अक्का म्हणाल्या. "डाळी तेवढ्या पाठवा. तूर नको, महाग आहे."

असा तो प्रश्न मिटला. पण ग्रुपवरचं सगळं मॅडमपर्यंत पोचलं होतंच. त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांना फक्त पाहुण्यांसमोर काही पडू नये, सांडू नये आणि कुणी रडू नये एवढं हवं असतं. पहिलीच्या कार्यक्रमाकडून ही अपेक्षा जरा मोठीच, पण ते असो. त्यांनी सांगितलं, की नाचाचे सर तयार गाण्यावर दांडिया बसवून द्यायला तयार आहेत. गुरुवारी रंगीत तालीम बघू. मुलं हलली, तर गोंबे रद्द.

"सरी मॅडम," अक्का म्हणाल्या. कुठली ‘सरी’, ते मला या वेळी कळलं नाही.

मग सुरू झाल्या तालमी. माझी पद्धत सरळ होती. स्टॅच्यू म्हणायचं, जो हलला तो बाहेर. दोन दिवसांत पायऱ्यांवर फक्त एक मुलगी उरली आणि तिला नंतर कळलं, की झोप लागली होती. अक्कांना ही पद्धत पसंत नव्हती. "स्टॅच्यू म्हणजे मेलेलं गं. बाहुली जिवंत असतेय, खरं कामात असतेय." त्यांनी प्रत्येकाला काम दिलं. शिपायाला सांगितलं, लांबून कोण येऊलाय ते बघ. वाजंत्रीवाल्याला सांगितलं, पुढचं गाणं आठव. राणीला सांगितलं, राजा सकाळी काय विसरलाय ते मनात म्हण. राणी होती तन्मयी, सात वर्षांची, आणि तिनं कपाळाला अशी आठी घातली, की माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"सेट्टी, तू काय करूलायस?"

"गिऱ्हाईक येतं का बघतोय," अद्वय म्हणाला.

"शाबास."

गिऱ्हाईक येईना, म्हणून सेट्टी शेंगदाण्याच्या वाटीवर हात मारत बसायचा. तिसऱ्या तालमीला दुकान रिकामं. अक्कांनी शेंगदाण्यांच्या जागी साबुदाणा ठेवला. तोही संपला, कच्चा. शेवटी वाट्यांत रंगवलेले खडे आले.

सगळ्यात कठीण भाग शेवटचा. बाहुल्या मांडायची जशी रीत, तशी आवरायचीही असते. शेवटल्या दिवशी राजा-राणीला हळूच आडवं करून झोपवतात, आणि मग आरास काढतात. अक्कांना कार्यक्रम तिथेच संपवायचा होता. मी त्यांना म्हटलं, झोपवायचं ते विजयादशमीला. आपला कार्यक्रम तर सुट्टी लागायच्या आधी. त्या म्हणाल्या, "शाळेचा दसरा शाळा सुटायच्या दिवशी." पण राजा झोपायला तयार नव्हता. राजा होता कुशाल. तो म्हणाला, मुलीच्या शेजारी झोपणार नाही. अक्कांनी मध्ये तलवार ठेवली. तन्मयी म्हणाली, तलवार माझ्या बाजूला आलीय. तलवार इंचइंच सरकवत एक आख्खा तास गेला.

गुरुवारची रंगीत तालीम कशी झाली ते थोडक्यात सांगते. हत्तीचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांची सकाळी बसमध्ये कट्टी झाली होती. पडदा उघडला तेव्हा हत्तीच्या दोन भागांत हातभर अंतर होतं. शिपायाला लांबून त्याची आजी येताना दिसली, आणि ती खरंच येत होती, त्याचा डबा घेऊन, म्हणून त्यानं हात हलवला. एका देवाला शिंक आली. सेट्टीनं खडा खाल्ला. मी त्याच्या तोंडात बोट घालून खडा काढत असताना मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "आय ॲम सॉरी, सुमन मॅम."

अक्का वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. मुलांना वर्गात पाठवलं आणि त्या खालच्या पायरीवर, त्या लाल अक्षरांच्या वरच, बसून राहिल्या. पिशवीतून सुतळी काढून तिला गाठी मारायला लागल्या. एक गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. इतक्या वर्षांत मी त्या बाईला रिकाम्या हातांनी कधी बघितलं नव्हतं आणि हे जवळजवळ तसंच होतं.

"चहा आणू?" मी विचारलं.

"नको."

मला समजूत घालता येत नाही. माझ्या मुलीचंही तेच म्हणणं आहे. त्यामुळे मी सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, प्रत्येक घरानं कपडे शिवलेत. हत्तीची सोंड एका आजोबांनी स्वतः केलीय. आज रद्द केलं, तर संध्याकाळपासून फोन येतील. मला नाही, तुम्हाला."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण छोटं करा. आणि ते शेवटी झोपायचं काढून टाका. विचित्र दिसतं, वेळ जातो. मुलांनी हात हलवून टाटा करायचं, मी लगेच आभार मानते, पडदा.

मी अक्कांना येऊन सांगितलं. कार्यक्रम होतोय म्हटल्यावर त्यांच्या हातातली सुतळी थांबली. झोपवायचं नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"बसवलेल्या बाहुल्या तशाच उभ्या टाकून घरी जायचं?"

"टाटा करतील की."

"बाहुल्या टाटा करत नाहीत. तसं करू नये गं. चांगलं नव्हे ते."

"अक्का, कार्यक्रम होतोय हे बघा. शेवट जरा वेगळा झाला तर काय बिघडलं?"

त्यांनी सुतळी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "सरी."

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा माझ्याकडे होता. मी तो स्वतःहून मागून घेतला होता. कुठलाही कार्यक्रम बिघडला, की शेवटी पडदाच उपयोगी पडतो, हा माझा अनुभव.

पडदा उघडला आणि सभागृहात एक ‘अहा’ झाला. खोटं कशाला बोलू, दिसत होतं छानच. पाचही पायऱ्या पांढऱ्याशुभ्र, वर जरीच्या कपड्यांत राजा-राणी, खाली रांगेनं सगळे. हत्तीला अक्कांनी मधोमध सेफ्टी पिना मारून जोडला होता, कट्टी असो वा नसो. हललेही सगळे. शिपायानं गाल खाजवला, देवानं आईला शोधलं, वाजंत्र्यांतला एक सतत या पायावरून त्या पायावर होत होता, त्याचं कारण मला माहीत होतं पण आता उपाय नव्हता. पण ते हलणं इतकं बारीक होतं, की बाहुल्यांना वारा लागतोय असं वाटत होतं. सेट्टी तेवढा एकटा दगडासारखा बसला होता. गिऱ्हाइकांनी सभागृह भरलं होतं, त्याला आणखी काय पाहिजे.

मागे लावलेली वीणेची धून संपली. पलीकडच्या विंगेत मॅडम आभाराचा कागद हातात धरून उभ्या होत्या. मी मुलांना हातानं खूण केली, टाटा करा.

कुणी टाटा केलं नाही. कारण अक्का पिशवीशिवाय, मोकळ्या हातांनी, चपला काढून रंगमंचावर चालत आल्या होत्या.

त्या पायऱ्यांच्या बाजूनं वर चढल्या आणि राजाच्या डोक्यावर हात ठेवला. कुशाल मुकाट्यानं आडवा झाला. मग राणी. तलवारीचा विषय निघाला नाही. अक्का गुणगुणायला लागल्या. ते गाणं होतं असं मी म्हणणार नाही. सूर अंगाईचा आणि शब्द त्यांचे त्यांनी तिथल्या तिथे जोडलेले. "राजा झोपला, राज्य मिटलं. राणी झोपली, रुसवा मिटला."

मुळात ठरलं होतं ते एवढंच. पण तळाशी बसलेल्या सेट्टीनं वर बघितलं, राजा झोपलाय म्हणजे गिऱ्हाईक संपलं हे त्यानं ताडलं, वाट्या बाजूला सारल्या आणि उशीच्या पोटावर हात ठेवून तो कलंडला. त्याचं बघून सेट्टीण. मग देव. शिपाई एकदा लांब बघून घेऊन मग आडवा झाला. हत्तीचा आधी मागचा भाग बसला, त्यानं पुढचा ओढला. अक्कांनी हे बघितलं. त्या हबकल्या असतील असं मला वाटलं. पण त्या एकेक पायरी खाली येत गेल्या, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत. "सेट्टी झोपला, दुकान झाकलं. शिपाई झोपला, वाट मोकळी. हत्ती झोपला, चारी पाय गोळा करून."

आणि मग एकही मूल हललं नाही. अडीच महिने जे आम्ही मागत होतो, ते त्यांनी आडवं होऊन दिलं. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मॅडमनी कागद उघडला, पुन्हा मिटला, आणि आभार न मानताच माझ्याकडे बघून मान हलवली. मी पडदा ओढला. पलीकडून टाळ्या आल्या, बऱ्याच वेळानं आल्या.

पडदा पडल्यावर मुलं उठतील, असं मी धरून चालले होते. ती उठली नाहीत. काही डोळे घट्ट मिटून होती, पापण्या थरथरत होत्या, ती अर्थातच ढोंगी. काही खरंच झोपली होती. सकाळी लवकर उठलेली, जरीचे कपडे, दिव्यांची ऊब. अद्वय तर घोरत होता. त्याच्या आई बाजूच्या दारातून आत आल्या. त्यांना मी तिथेच अडवलं. "हात नका लावू, टकलाचा रंग ओला आहे." त्या दबक्या आवाजात हसल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मी अक्कांजवळ गेले. त्या खालच्या पायरीच्या कडेला, जमिनीवर बसल्या होत्या. एका बोटानं हत्तीच्या सोंडेची सुटलेली शिवण दाबून धरली होती.

"अक्का, उठवू या. बस लागल्यात. सगळ्यांना घरी सोडायचंय."

"थोडं थांब."

"सुट्टी लागलीय त्यांना. घरी जाऊन झोपतील."

अक्का मुलांकडे बघत म्हणाल्या, "आमचे हे होते तोवर घरी सात पायऱ्या असायच्या माझ्या. बसवायच्या मी, शेवटच्या दिवशी झोपवायचो दोघं मिळून. राजाला ते, राणीला मी. मग ते दिवा बारीक करायचे." त्यांनी सोंडेवरचं बोट काढलं, शिवण उघडली, पुन्हा दाबली. "ते गेल्यावर एक वर्ष बसवल्या मी. बसवायला काय, एकटीला पण येतंय गं. झोपवायला हात उठंना. आज करू, उद्या करू. त्या वर्षी संक्रांतीपर्यंत उभ्या होत्या सगळ्या. शेजारीण विचारायची, तुमचा दसरा अजून चालूच काय. शेवटी भाच्यानं येऊन पेटीत भरल्या. तशाच, उभ्याच्या उभ्या. त्याला काय ठाऊक. तेव्हापासनं पेटी उघडली नाही."

मी इतकी वर्षं समजत होते, की या बाईचं घर बाहुल्यांनी भरलेलं असणार. नवरात्रात तिच्याकडे जायला हवं, असं दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी काहीतरी काम निघायचं.

"आज जमलं," अक्का म्हणाल्या. "सगळ्या झोपल्या बघ. एक पण उभी नाही राहिली."

मी बसकडे खाली गेले.

गेटपाशी तिन्ही बस सुरूच होत्या. पुढच्या बसचे ड्रायव्हर मारुतीअण्णा खिडकीतून डोकावले. "मेडम, पोरं कुठं? ट्रॅफिक लागेल आता."

"हत्तीचा एक पाय सापडत नाहीये," मी सांगितलं. "शोधतोय."

"किती वेळ लागेल?"

"सापडेपर्यंत."

मारुतीअण्णांनी माझ्याकडे बघितलं, वरच्या मजल्याच्या बंद खिडक्यांकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. मग हात बाहेर काढून मागच्या दोन्ही बसना खूण केली. मी परत वर गेले नाही. कुणी उठवायला जाऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले.